मोजके दिवस आणि फादर स्टीफन्स



ज्युबिलीच्या प्रसंगीं सरल्या वर्षांचा हिशेब मनांत येतो आणि मनुष्याचें आयुष्य किती अल्प आहे हें जाणवतें. त्या अल्प आयुष्याचें सार्थक कसें करावें, याचा धडा फादर तोमास स्टीफन्स यांच्या चरित्रांत आहे.

हे येशूसंघीय धर्मगुरु इंग्लंडांत १५४९ च्या सुमारास जन्मले व १५७९ सालीं गोव्यास आले. पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यतः साष्टीच्या लोकांची सेवा करण्यांत वेंचलीं. लोकांची भाषा त्यांनीं आपलीशी केली व मराठींत ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. सुमारें अकरा हजार ओव्या घाईनें होत नाहींत, आणि ‘उद्यां पाहूं’ म्हणणाऱ्याच्या हातूनही होत नाहींत. १६१६ सालीं राशोल येथें ग्रंथ छापून निघाला, तेव्हां ते सत्तरीच्या जवळ आले होते. १६१९ सालीं ते गोव्यांतच ख्रिस्तवासी झाले. त्यांचें कोंकणी व्याकरण तर त्यांच्यामागें, १६४० सालीं, प्रसिद्ध झालें.

पुराणाच्या त्या पहिल्या आवृत्तीची एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. तरी भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळें ग्रंथ वांचला व १९०७ सालीं मंगळुरास पुन्हां छापला गेला.

तेव्हां सुज्ञपणें जगणें म्हणजे आयुष्य लांबविण्याची चिंता करणें नव्हे. देवानें आज नेमून दिलेलें काम मन लावून करावें व फळ त्याच्या हातीं सोंपवावें. मुलांचें धर्मशिक्षण, आजाऱ्याची विचारपूस, दुरावलेल्या भावाशीं समेट, हीं कामें आजचींच आहेत. उद्यांचा दिवस अद्याप आपल्या खातीं जमा झालेला नाहीं.