टायरवरचा कापूस

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंक्चरच्या एका दुकानाशी आम्ही थांबलो होतो. शेजारी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिचा टायर बदलायचा होता. मालकाने विचारले, "यावर १६ पीआर लिहिलंय. म्हणजे आत सोळा थर ना?" आम्ही 'हो' म्हणणार होतो, पण कापलेला तसाच एक टायर समोर पडला होता आणि त्यात तेवढे थर काही दिसेनात. मग हा सोळा आला कोठून?

रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश संशोधकाने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तेच चाक नव्याने बनवले. अशा चाकात भार बव्हंशी हवा पेलते आणि हवेला रबरात बसवलेले कापड आवरून धरते. आरंभी हे कापड सुती असे. विणलेले उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तुटत, म्हणून पुढे समांतर दोऱ्यांचे थर एकावर एक तिरके बसवू लागले. भार जास्त, तर थर जास्त. थर मोजले की ताकद कळे.

नंतर रेयॉन आले, दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले. नायलॉनचे थोडे थर सुताच्या पुष्कळ थरांचे काम करू लागले. थर घटले, पण लोकांच्या सवयीचा आकडा राहिला. आजचा १६ म्हणजे थरांची संख्या नव्हे, तर सुताच्या हिशेबातली ताकद आहे.

१९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. गवताच्या गाड्यांच्या रस्त्यावर अवजड ट्रेलर धावू लागले. ट्रॉलीतून कधी विटा जातात, कधी वऱ्हाडही जाते. म्हणून टायर निवडताना खोल नक्षी पाहून भुलू नये. ट्रॉलीचे चाक ओढत नाही, ओढले जाते; त्याला ट्रॅक्टरसारखे उंच दाते लागत नाहीत. त्याला लागते ती भार पेलणारी, वळणावर न लचकणारी बाजूची भिंत. माप व पीआर मूळच्याहून कमी नको, आणि एका आसावर दोन जातींचे टायर नकोत.

हवेचा हिशेब वर्गातही करता येईल. एका चाकावर १५०० किलोग्रॅम भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम दाब असेल, तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर होतो. दाब निम्मा केला, तर तो दुपटीकडे जातो. भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, तापते आणि एके दिवशी फुटते.

ट्रॉली पुष्कळदा महिनोन् महिने उन्हात उभी असते. नक्षी झिजत नाही, पण ऊन आणि हवेतला ओझोन रबराला बारीक चिरा पाडतात. म्हणून वयही पाहावे. टायरवरच्या निर्मिती-संकेतातील शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

मालकाने वाकून आपल्या जुन्या टायरवरचे अंक वाचले, बोटांवर वर्षे मोजली आणि मग दुसऱ्या चाकाकडे वळला.