वाद्यवृंद संगणकात कसा बसला

नादाचे तीन गुण आपण वर्गात शिकवतो. उच्चनीचता वारंवारतेवर अवलंबून असते, लहानमोठेपणा कंपनांच्या आयामावर, आणि नादाची जात, म्हणजे एकाच सुरात वाजणारी बासरी आणि सतार आपल्याला वेगळ्या का वाटतात, ते मूळ स्वराबरोबर निघणाऱ्या उपस्वरांच्या प्रमाणावर. पहिली दोन विधाने कामापुरती बरोबर आहेत. तिसरे मात्र अर्धेच खरे आहे. ते किती अपुरे आहे हे संगणकावर पाश्चात्त्य वाद्ये वाजवू पाहणाऱ्या मंडळींना पदोपदी जाणवले. त्यांचे फसलेले प्रयत्न विज्ञान शिकवणाऱ्याला फार उपयोगी आहेत.

हे तिसरे विधान आले जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या १८६३ सालच्या ग्रंथातून. पोकळ गोलाकार अनुनादक कानाला लावून त्यांनी स्वरातले उपस्वर एकेक करून वेचले, आणि विजेवर चालणारे नादकाटे एकत्र वाजवून मानवी कंठातल्या स्वरवर्णांची नक्कलही केली. स्वराची सुरुवात कशी होते आणि शेवट कसा होतो यावरही वाद्य ओळखता येते, हे त्यांना ठाऊक होते. पण अभ्यास त्यांनी मधल्या स्थिर भागापुरता ठेवला आणि तसे स्पष्ट लिहिलेही. ही अट पुढे पाठ्यपुस्तकांतून गळून गेली.

१९५७ मध्ये मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्यांनी अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत संगणकाकडून संगीत करून घेणारा कार्यक्रम लिहिला. कल्पना साधी होती. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो चढउतार आकड्यांच्या लांबलचक यादीने दाखवता येतो, आणि ती यादी पुन्हा विजेच्या दाबात बदलून ध्वनिवर्धकाला दिली की ध्वनी मिळतो. पहिली रचना १७ सेकंदांची होती. ध्वनिवर्धकातून येऊ शकेल असा कोणताही आवाज या रीतीने घडवता यावा. अडचण एवढीच, की हव्या त्या आवाजासाठी कोणते आकडे लिहायचे हे कोणालाच माहीत नव्हते.

पाठ्यपुस्तकाप्रमाणे ते माहीत असायला हवे होते. ट्रंपेटच्या उपस्वरांचे प्रमाण पाहावे, त्या प्रमाणात ज्या-वक्र मिसळावेत, की झाला ट्रंपेट. प्रत्यक्षात जे ऐकू येई ते एखाद्या स्वस्त ऑर्गनसारखे असे. ज्याँ-क्लोद रिसे हे भौतिकी आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच गृहस्थ १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत आले आणि या कोड्याच्या मागे लागले. त्यांनी खऱ्या ट्रंपेटचे स्वर संगणकात घेतले आणि प्रत्येक उपस्वर वेळेबरोबर कसा वाढतो, कसा ओसरतो हे तपासले. तेव्हा दिसले, की ट्रंपेटला ठरावीक प्रमाण असे नाहीच. फुंक मारताच आधी खालचे उपस्वर उमटतात, वरचे किंचित मागून येतात. वादक जोर वाढवतो तसे वरचे उपस्वर खालच्यांपेक्षा वेगाने वाढतात, म्हणून जोरात वाजणारा ट्रंपेट नुसता मोठा नव्हे, तर अधिक झळझळीत वाटतो. शिवाय स्वर सतत अगदी सूक्ष्म थरथरत असतो. या गोष्टी आकड्यांत घालताच यंत्रातून ट्रंपेट बोलू लागला. हे काम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच्या जवळ जाणारा प्रयोग वर्गात सहज होतो. संगणकावर किंवा मोबाइलवर शाळेच्या घंटेचा एक टोला आणि पेटीचा एक सूर ध्वनिमुद्रित करा आणि दोन्ही उलटे वाजवा. मुद्रण उलटे केल्याने उपस्वरांची एकूण बेरीज बदलत नाही. तरी पेटी बरीचशी पेटीच राहते आणि घंटा मात्र ओळखू येत नाही. पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये घंटेच्या मुद्रणातला सुरुवातीचा ठोकाच वगळून पाहिला होता. उरलेला नाद घंटेचा वाटेना.

वाद्य घडवणे इतके अवघड, तर खऱ्या वाद्याचेच तुकडे का वाजवू नयेत? १९६३ मध्ये इंग्लंडात आलेल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबून ठेवली तर आठ सेकंदांनी स्वर संपे. १९७९ मध्ये सिडनीहून फेअरलाइट हे यंत्र आले आणि फितीची जागा आकड्यांनी घेतली. त्यात एका आवाजासाठी १६ किलोबाइट स्मृती होती, म्हणजे १६,३८४ आकडे. सेकंदाला १६,००० नमुने घ्यायचे म्हटले तर सारा कारभार एका सेकंदाचा! स्त्राविन्स्की यांच्या ‘फायरबर्ड’मधला अख्ख्या वाद्यवृंदाचा एक आघात एवढ्या जागेत मावला, आणि पुढच्या दशकात पॉप संगीतात तो इतका वाजला की ऐकणाऱ्यांना वीट यावा.

खरा प्रश्न पुढेच होता. एका व्हायोलिनच्या मुद्रणाच्या सोळा प्रती एकावर एक ठेवल्या तर सोळा व्हायोलिने ऐकू येत नाहीत, एकच व्हायोलिन मोठ्याने ऐकू येते. हेही वर्गात करून पाहावे. एका मुलीच्या ‘आ’च्या सोळा प्रती एकत्र वाजवा आणि मग सोळा मुलींना एकत्र ‘आ’ म्हणायला सांगा. सोळा जणी कधीही नेमक्या एका वारंवारतेवर, एका क्षणी, एका जोराने गात नाहीत. त्या बारीक बेबनावातूनच समूहाचा भरदार नाद तयार होतो. तीच गोष्ट एकच स्वर भरभर पुन्हा वाजवण्याची. प्रत्येक वेळी तोच नमुना वाजला की कानाला टंकलेखनयंत्र ऐकल्यासारखे वाटते. म्हणून एकाच स्वराची अनेक वेगवेगळी मुद्रणे आळीपाळीने वाजवतात.

एवढे नमुने ठेवायचे कोठे? १९९८ च्या गिगासँपलर या कार्यक्रमाने तोड काढली. प्रत्येक नमुन्याचा सुरुवातीचा तुकडा तेवढा स्मृतीत ठेवायचा आणि तो वाजेपर्यंत उरलेला भाग हार्ड डिस्कवरून आणायचा. यानंतर नमुन्यांची संख्या बेसुमार वाढली. चेलोवादक हर्ब टुक्मांडल यांनी २००० मध्ये उभ्या केलेल्या व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररीने एकेका स्वराबरोबर दोन स्वरांमधला प्रवासही मुद्रित केला. वाद्याचे ३६ स्वर धरा. प्रत्येकावरून वर किंवा खाली सप्तकभर, म्हणजे बारा पायऱ्यांपर्यंत, जायचे. असे किती प्रवास होतात? वरच्या आणि खालच्या टोकांना पायऱ्या कमी पडतात हे विसरले नाही तर उत्तर ७०८ येते. आणि हे फक्त एका जोराच्या वादनाचे. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण आयते आहे.

आता वाद्ये हुबेहूब झाली. तरीही ती एकत्र वाजवली की वाद्यवृंद होईना, कारण खोली नव्हती. बंद दालनात कानावर पडणाऱ्या आवाजाचा मोठा हिस्सा भिंती आणि छतावरून येतो. वॉलेस सबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात, रात्रीच्या शांततेत, ऑर्गनची एक नळी, घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या घेऊन हा घुमारा मोजला. तेथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. गाद्या वाढवत जावे तसा घुमारा कमी होई. पुढे बेल प्रयोगशाळेतच मानफ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२ मध्ये संगणकावर कृत्रिम घुमारा घडवला. त्यांना आढळले, की सेकंदाला सुमारे हजार प्रतिध्वनी असतील तरच तो नैसर्गिक वाटतो, नाहीतर कान ते मोजू लागतो.

दुसरी वाट अशी, की खऱ्या सभागृहात फुगा फोडावा, त्या ठोक्याला सभागृहाने दिलेले उत्तर मुद्रित करावे, आणि वाद्याच्या प्रत्येक नमुन्याला ते पूर्ण उत्तर लावून सगळ्यांची बेरीज करावी. सभागृह दोन सेकंद घुमत असेल आणि सेकंदाला ४४,१०० नमुने असतील, तर एका सेकंदाच्या संगीतासाठी ४४,१०० गुणिले ८८,२००, म्हणजे सुमारे ३८९ कोटी गुणाकार करावे लागतात. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी प्रसिद्ध केलेल्या जलद गणनपद्धतीमुळे हा आकडा खूप खाली आला. तरी वाजवता वाजवता हे गणित करणारी व्यापारी यंत्रे १९९९ च्या सुमारासच आली.

आता मिक्सिंग, म्हणजे ध्वनिमिश्रण. नवशिक्याचा पहिला हिशोब असा असतो, की ट्रंपेट मागच्या रांगेत बसतो, तेव्हा त्याचा आवाज कमी करावा. असे केले की ट्रंपेट लांब जात नाही. तो कानाजवळच राहतो आणि लहान होतो. याचे कारण जॉन चौनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये अभ्यासले आणि १९७१ मध्ये लिहिले. वाद्य दूर गेले की थेट येणारा आवाज झपाट्याने घटतो, पण दालनातला घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. कान अंतर ओळखतो ते या दोहोंच्या प्रमाणावरून. वेळेचाही फरक असतो. वीस मीटर रुंदीच्या दालनात मधोमध बसा आणि समोर १५ मीटरवर व्हायोलिन धरा. बाजूच्या भिंतीवरून येणारा ध्वनी पायथागोरसच्या नियमाने २५ मीटर चालतो, म्हणजे थेट ध्वनीपेक्षा १० मीटर जास्त. तो २९ सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. २१ मीटरवरच्या टिंपनीसाठी भिंतीची वाट २९ मीटरची, फरक ८ मीटरचा, उशीर सुमारे २४ सहस्रांशांचा. वाद्य जितके मागे, तितके त्याचे पहिले प्रतिध्वनी थेट आवाजाला चिकटून येतात. आणि रिसे यांचा ट्रंपेट येथे पुन्हा उभा राहतो. जोरात वाजवलेला नमुना बटणाने बारीक केला तरी तो हळू वाजवलेला ट्रंपेट होत नाही, त्याची झळाळी फसवणूक उघड करते. हळुवार जागेसाठी हळुवार वाजवलेलाच नमुना निवडावा लागतो.

या विद्येची किंमत कोणी मोजली, हे माझ्या मते इतिहासात यायलाच हवे. १९८२ मध्ये ब्रिटनच्या वादकसंघटनेच्या लंडनमधील एका शाखेने सिंथेसायझरवर बंदीचा ठराव केला. मुंबईत असा ठराव झाल्याचे ऐकिवात नाही, पण बदल तेथे फार खोल गेला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले वादक काही दशके हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा होते. अँथनी गोन्साल्विस आणि सेबास्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक त्यांच्यासाठी सुरावटी लिहीत. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पन्नास-साठ जण एकत्र बसून, एकमेकांचे ऐकत, गाणे एका दमात मुद्रित करत. १९९० च्या दशकात यंत्रे आणि अनेकपदरी मुद्रण आले, तशी ती मोठी बैठक मोडत गेली.

वादक अगदी संपले मात्र नाहीत. संगणकावर व्हायोलिनांचा ताफा उभा करणारे अनेक जण आजही शेवटी एखादा खरा व्हायोलिनवादक बोलावतात, त्याचे एकट्याचे वादन मुद्रित करतात आणि ताफ्यावर हलकेच पसरतात. सोळा कृत्रिम वादकांत तो एक खरा मिसळला की कान बाकीच्या सोळांनाही खरे धरून चालतो.