खरखरीचा पत्ता

आमच्या गिरगावातल्या चाळीत एक हौशी रेडिओवाले होते. सरकारी परवाना, गच्चीवर तारांचं वाळवण आणि रात्री जेवणं झाली की जपानपासून जर्मनीपर्यंत गप्पा. एकदा त्यांच्या रिसीव्हरमध्ये खरखर शिरली ती काही केल्या हटेना. शोधकार्यात मदतनीस अस्मादिक. काम सोपं. ट्रान्झिस्टर आडवा धरून गोल फिरवायचा; आवाज बारीक झाला की आतल्या फेराइटच्या कांडीचं टोक चोराकडे. दोन ठिकाणांहून अशा रेषा काढायच्या, त्या छेदतील तिथं चोर! तीन रात्री जिने चढलो-उतरलो. रेषा छेदल्या त्या चाळीच्या सामायिक संडासात.

चौथ्या रात्री त्यांच्या आई माळ ओढता ओढता म्हणाल्या, "अरे, तुझ्या डोक्यावरची ट्यूब लावली की ते गुरगुरतं. मालव की ती!"

हीच विद्या घेऊन १९४२ साली सरकार मुंबईत एका यंत्राच्या मागावर होतं. तो मात्र पोरखेळ नव्हता. १९३९ साली युद्ध सुरू होताच हौशी मंडळींचे परवाने रद्द झालेले. चोरून ट्रान्समीटर चालवणं म्हणजे तुरुंगच. तरी २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, चिमूर-आष्टीचे अत्याचार, अशा दडपलेल्या बातम्या तिथून कळायच्या. यंत्र एका जागी राहिलं तर रेषा छेदणार, म्हणून बिऱ्हाड पाठीवर! चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, वाळकेश्वर... मुंबईत एक खोली मिळवताना आमच्या तीन जोडी चपला झिजल्या. ह्यांनी अडीच महिन्यांत इतक्या जागा बदलल्या. सरकारनं मग उलटा उद्योग आरंभला. ह्यांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून त्याच लांबीवर स्वतःच खरखर सोडली.

अखेर १२ नोव्हेंबरला पोलीस गिरगावच्या पारेखवाडीत शिरले. पत्ता रेषांनी नव्हे, मंडळींतल्याच एका तंत्रज्ञानं दाखवला. तबकडीवर 'वंदे मातरम्' चालू होतं. थांबवा म्हटलं, तर ह्यांनी थांबवलं नाही! उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याहून त्या सुटल्या १९४६ साली.

ही हकीकत मी पहिल्यांदा ऐकली ती त्याच शेजाऱ्यांकडून, ट्यूब मालवून, अंधारात.