बोर्गेरिनींच्या शयनगृहातील सांधे

इसवी सन 1515 मध्ये फ्लॉरेन्सच्या साल्वी बोर्गेरिनी या धनाढ्य गृहस्थाने आपला पुत्र पिएरफ्रान्चेस्को आणि सून मार्घेरिता यांच्या विवाहाप्रीत्यर्थ जे शयनगृह सजविले, त्यातील पलंग, पेटारे, बैठका व भिंतीलगतचे फलक ही एकाच लाकडी रचनेची अंगे होती. सुतारकाम बाच्चो द'आन्योलोचे. त्यावर बायबलमधील योसेफाची कथा रंगविली आंद्रेआ देल सार्तो, पोंतोर्मो, ग्रानाच्ची आणि बाकिआक्का यांनी. चित्रकारांची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण ज्या सांध्यांच्या अदृश्यतेवर तिची उभारणी झाली, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते.

सांधे लपविण्याची ही विद्या जुनी. 1400 च्या सुमारास चित्रकार चेन्निनो चेन्निनीने आपल्या चित्रकलेवरील ग्रंथात सांगितले आहे, की जुने, तेलकट डाग नसलेले लिनन सरसात भिजवून फळ्यांवर तळहाताने दाबून बसवावे, आणि तत्पूर्वी त्याची शिवण काढून टाकावी. लाकडाचा सांधा लपविणाऱ्या वस्त्राला स्वतःचा सांधा असू नये, ही दक्षता मला त्या ग्रंथातील कित्येक थोर उपदेशांहून मोलाची वाटते. त्यावर जिप्समचा जाड लेप. मग महिनाभर रोज पाण्यात ढवळून ज्याची आवळून येण्याची खोड मोडली आहे, अशा जिप्समचे किमान आठ पातळ हात. वाळल्यावर पुरचुंडीतून कोळशाची पूड झटकायची आणि पात्याने खरवडायचे. जेथे काळे उरेल तेथे खळगा.

परंतु लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि वाळलेला लेप ती हालचाल सोसत नाही. म्हणून एका फलकातील फळ्यांचे सांधे लेपाखाली मिटविता आले, तरी दोन फलकांमधील फट बुजवून भागत नसे. ती कोरीव पट्ट्यांनी व अर्धस्तंभांनी झाकून लाकडाला मोकळीक ठेवावी लागे.

फ्लॉरेन्सला 1529 मध्ये पडलेल्या वेढ्यात कलावस्तूंचा दलाल जोव्हान्नी बात्तिस्ता देल्ला पाल्ला हे फलक काढून फ्रान्सच्या राजाला नजर करण्यासाठी आला, तेव्हा मार्घेरिताने त्याची अशी कानउघाडणी केली की त्याला रिकाम्या हाती परतावे लागले, असे चित्रकारांचा चरित्रकार व्हासारी नमूद करतो. पुढे मात्र ती रचना मोडलीच. आज तिचे फलक लंडन, रोम आणि फ्लॉरेन्स येथे विखुरले आहेत. त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या व अर्धस्तंभ मात्र त्यांच्याबरोबर नाहीत, आणि कोणता फलक कोणत्या जागी होता, याविषयी अभ्यासकांना अनुमानावरच विसंबावे लागते.