ज्वारी, भिशी आणि पिवळे कार्ड

रविवारची मिस्सा संपल्यानंतर धर्मग्रामाच्या कार्यालयाशी जी माणसे थांबतात, त्यांपैकी एखाद्याच्या हातात मोठे कागदी पाकीट असते. क्ष-किरणाची फिल्म, रक्ततपासणीचे कागद आणि कुठल्याशा रुग्णालयाने लिहून दिलेला खर्चाचा अंदाज एवढा ऐवज त्यात असतो. "फादर, एक चिठ्ठी द्या," हे त्याचे मागणे. नगर जिल्ह्यातील निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा करताना अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या, याची मोजदाद मी ठेवली नाही. चिठ्ठीने बिल कधी थोडे उतरते, कधी उतरतही नाही. उरलेली रक्कम म्हैस विकून, दागिना गहाण ठेवून किंवा मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेऊन भागविली जाते. गरिबाने आजारपणाची तरतूद करावी तरी कशी, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि त्याला एक इतिहास आहे.

या इतिहासाचा एक धागा, आश्चर्य वाटेल, थेट जर्मनीपर्यंत जातो. चान्सलर बिस्मार्क याने १८७२ मध्ये कायदा करून येशूसंघीयांना जर्मन साम्राज्यातून हद्दपार केले. ज्या संघाला मायदेशी थारा उरला नव्हता, त्याच संघाच्या जर्मन धर्मगुरूंनी त्यानंतरच्या काळात राहुरीजवळील केंदळसारख्या खेड्यांतून नगर जिल्ह्याच्या मिशनचा पाया घातला. आणि त्याच बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा जगातील पहिला राष्ट्रीय कायदा केला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने भरायचे, एक हिस्सा मालकाने. आजारी पडल्यास औषधोपचार मिळे आणि बुडालेल्या मजुरीचा काही भागही मिळे. हेतू समाजवाद्यांना शह देण्याचा होता, हे खरे. परंतु व्यवस्था टिकली. पुढे १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरूम नोवारूम' या परिपत्रकात कामगारांच्या परस्परसाहाय्य संस्थांची भलावण केली. मिशनऱ्यांनी आपल्यासाठी शाळा आणल्या, दवाखाने आणले. वर्गणीचा विमा मात्र आणता आला नाही. कारण त्यासाठी नियमित मजुरी लागते आणि ती आपल्या पूर्वजांना कधी मिळालीच नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने आपला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांपासून वंचित राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र होते. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, कर्मचारी राज्य विमा कायदा आला. गिरणगावातील कामगाराला त्याने मोठा आधार दिला. आपल्या जिल्ह्याचे दुर्दैव पाहा. प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. पाठोपाठ कारखान्यांची रांग लागली आणि नगर हा साखरेचा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. परंतु विमा कायद्याने हंगामी कारखान्यांना वगळले होते आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर आणि गूळ यांचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. शेतमजूर तर त्या कायद्यात मुळातच नव्हता. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोडणी कामगाराला मालक कोण, हेच जिथे ठरत नव्हते, तिथे त्याचा हप्ता कोण भरणार?

१९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणला. तो पगारदारांचा विमा होता. १९९६ मध्ये त्याच कंपन्यांनी 'जन आरोग्य' नावाची स्वस्त पॉलिसी काढली. पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या माणसाला वर्षाला ७० रुपये हप्ता आणि ५,००० रुपयांचे संरक्षण. हप्ता परवडणारा होता. पण बाळंतपण त्यात नव्हते आणि पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आजारही नव्हता. म्हणजे गरिबाच्या घरात जे असते, तेवढे सोडून बाकी सारे होते. ती खेड्यापाड्यांत रुजली नाही, यात नवल ते काय!

कायदे आणि पॉलिस्या अशा बाजूने निघून जात असताना आपल्याच जिल्ह्याच्या एका दुष्काळी कोपऱ्यात निराळा विचार आकार घेत होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला शिकले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केले. पुढे बहात्तरच्या दुष्काळाची छाया पडली. रुग्णालय बांधून रुग्णांची वाट पाहावी, एवढ्यावर हे डॉक्टर थांबले नाहीत. गावोगावी एक बाई निवडावी, बहुधा निरक्षर, अनेकदा दलित समाजातील. तिला दर आठवड्याला जामखेडला बोलावून शिकवावे आणि तिने गावात मुलांची वजने घ्यावीत, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी पाजावे, गरोदर स्त्रियांवर लक्ष ठेवावे, अशी ती योजना होती. पाणी, आहार, शेती, जातिभेद, सारेच आरोग्याच्या कक्षेत आले. १९७१ च्या सुमारास त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत ही संख्या ५२ वर आली.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील अशा प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण होते. १९७८ मध्ये अल्मा-आता येथे 'सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा झाली, तिच्या पूर्वतयारीत या प्रयोगांचा वाटा होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सारे पाठ्यपुस्तकात असायला हवे होते. आपल्या जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांना ते सांगता येईल, मला शंका आहे.

जामखेडला विमा म्हणता येईल का? काटेकोर अर्थाने नाही. पण मला वाटते, विम्याचा अर्धा अर्थ तिथे आहे. विमा आजारपणाचा खर्च अनेकांत वाटून घेतो. जामखेडने आजारपणच कमी केले. उरलेला अर्धा अर्थ पाहायचा तर वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला जावे लागते. तेथील कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांसाठी एक योजना उभी केली. रोख पैसा खेड्यात नसतो, धान्य असते; म्हणून हप्ता ज्वारीत. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. अधिक जमीन असणाऱ्याने अधिक, भूमिहीनाने कमी. गावातील किमान पंचाहत्तर टक्के गरीब कुटुंबे सामील झाली, तरच ते गाव योजनेत. अकस्मात आलेल्या आजाराला रुग्णालयात मोफत उपचार; आधीपासून ठाऊक असलेल्या दुखण्याला किंवा साध्या बाळंतपणाला बिलाचा चौथा हिस्सा.

यातली पंचाहत्तर टक्क्यांची अट नीट पाहण्यासारखी आहे. विमा केवळ आजारी माणसांनी काढला, तर तो बुडतो. धडधाकट माणसानेही आपला वाटा टाकावा लागतो. आपल्या मायबहिणींना हे कोणी शिकविण्याची गरज नाही. भिशीत प्रत्येकीने दरमहा पैसे टाकायचे असतात, उचल कोणाची आधी तर कोणाची नंतर. फरक इतकाच की, भिशीत प्रत्येकीची पाळी ठरलेली असते. आजारपणाची पाळी ठरलेली नसते, आणि ती येऊच नये अशी सर्वांची इच्छा असते.

सरकार या रस्त्यावर उशिरा आले. १९९७ मध्ये महाराष्ट्रात जीवनदायी योजना निघाली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियांना तिने मदत केली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती आठ जिल्ह्यांत. पिवळे किंवा केशरी शिधापत्रक असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार आणि ९७२ प्रकारच्या शस्त्रक्रिया व उपचार. हप्ता राज्य सरकारने भरायचा. त्या आठांत सोलापूर होता, नगर नव्हता.

या सीमेचा अर्थ मला २०१३ च्या उन्हाळ्यात कळला. माझ्या तेव्हाच्या धर्मग्रामातील एका गवंड्याला हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली गेली. त्याचे व्याही करमाळ्याचे, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचे. दोघांची परिस्थिती सारखी, दोघांकडे पिवळे कार्ड. व्याह्यांवर अशीच शस्त्रक्रिया काही महिन्यांपूर्वी एक रुपयाही न देता झाली होती. गवंड्याने पाऊण एकर जमीन विकली. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना सर्व महाराष्ट्रात लागू झाली, तेव्हा तो बरा होऊन परत विटा रचत होता. फक्त आता दुसऱ्याच्या शेतातून घरी जात होता. मला त्याने एकदाच विचारले, "फादर, सहा महिने थांबलो असतो तर?" डॉक्टरांनी थांबू नका असे सांगितले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

पुढचा प्रवास वाचकांना परिचित आहे. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना पाच लाखांचे संरक्षण घेऊन आली. दोन वर्षांच्या आत दोन्ही योजना एकत्र राबविल्या जाऊ लागल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने शुभ्र शिधापत्रकधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचे ठरले. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, केंद्राच्या योजनेत घेण्यात आले. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. याखेरीज मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशामुळे धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. माझ्या चिठ्ठीपेक्षा त्या आदेशाचे वजन अधिक आहे. चिठ्ठी मागणाऱ्याला मी आता हे आधी सांगतो.

एवढे असूनही पाकिटे येतच राहतात. योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या दरमहाच्या गोळ्या घरच्याच पैशांतून येतात, आणि न घेतलेल्या गोळ्यांचा शेवट पुढे रुग्णालयातच होतो. जामखेडच्या त्या निरक्षर बाईचे काम इथे अजून शिल्लक आहे.

आणखी एक अडचण खास आपल्या लोकांची. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत 'जोसेफ', शाळेच्या दाखल्यावर 'योसेफ', शिधापत्रकावर 'पोपट', आधारवर तिसरेच स्पेलिंग. रुग्णालयातील आरोग्यमित्र कागद जुळवून पाहतो आणि मान हलवितो. रुग्ण खाटेवर आणि मुलगा तहसील कचेरीत, असे दृश्य मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही धर्मग्रामात एक रीत पाडली आहे. सुगी संपली की एका रविवारी मिस्सानंतर प्रत्येक कुटुंबाने आपली कार्डे घेऊन यायचे. महाविद्यालयात जाणारी चार मुले-मुली टेबल मांडून बसतात, नावे ताडून पाहतात, चुकीच्या नावांखाली पेन्सिलीने रेघ मारतात. पहिल्या वर्षी एकशे बारा कुटुंबांपैकी एकोणचाळीस कुटुंबांची नावे जुळली नाहीत. यंदाचा रविवार जानेवारीत आहे.