मुक्या प्रत्ययाचा हिशेब

फ्रेंच शिकू लागलेला माणूस लवकरच एका ठिकाणी अडखळतो. 'शाँते' म्हणजे गाणे. मी गातो, तू गातोस, तो गातो, ते गातात ही चार रूपे लिहायची तीन तऱ्हांनी, उच्चारायची मात्र एकाच: 'शाँत्'. 'ते गातात'च्या शेवटी ई, एन, टी हे तीन वर्ण उभे असतात, पण मुके.

ते पूर्वी मुके नव्हते. मूळ लॅटिन रूप 'कान्-तान्त्' असे दोन अक्षरांचे. (अक्षर म्हणजे इथे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा.) जुन्या फ्रेंचमध्ये दुसरे अक्षर दुबळे झाले, पुढे त्यातली व्यंजने गेली, शेवटी उरलेला स्वरही बोलण्यातून गळाला. लेखनाने काहीच टाकले नाही. आपले तरी काय वेगळे? 'बोलतात' लिहिताना चार अक्षरे, बोलताना 'बोल्-तात्' अशी दोनच, आणि अभंगात मोजताना पुन्हा चार.

फ्रेंच छंदानेही जुना हिशेब असाच सांभाळला. रासीनचे 'फेद्र' (1677) हे नाटक 12 अक्षरांच्या ओळींत आहे. अशा ओळीच्या मध्यात पुढचा शब्द स्वराने सुरू झाला, तर 'तो गातो'मधला अंत्य स्वर लोपतो आणि एकच अक्षर मोजले जाते. 'ते गातात'मधला लोपत नाही. अक्षरे दोन भरतात आणि मुका 'त्' जागा होऊन पुढच्या स्वराला चिकटतो. बोलण्यात हरवलेले वचन रंगभूमीवर असे ऐकू येई. व्याकरणकारांपेक्षा कवी अधिक काटेकोर निघाले, असे मला वाटते.

'ते गात असत' या रूपाला मात्र ही सवलत नाही. त्याचा प्रत्यय छंदातही एकाच अक्षराचा: 'शाँ-तॅ'. फ्रेंच अकादमीच्या कोशाने 1835 मध्ये त्यातल्या स्वराचे लेखन उच्चाराजवळ आणले. ई-एन-टीला हात लावला नाही.

रोजच्या बोलण्यात वचन कधीकधी पुढून कळते. 'तो प्रेम करतो' म्हणजे 'इ-लेम', 'ते प्रेम करतात' म्हणजे 'इल्-झेम'. सर्वनामाचे अंत्य व्यंजन क्रियापदाच्या अक्षरात शिरते. प्रश्न विचारला की हा भेदही मिटतो, दोन्हींचे 'एम्-तिल?' होते. अनेकवचनातला 'त्' वडिलोपार्जित. एकवचनातला मात्र केव्हाच झडला होता; 'दोर्-तिल?' (तो झोपतो का?) अशा रूपांतला अस्सल 'त्' ऐकून लोकांनी तो इथेही लावला. आज तो दोन आडव्या रेघांच्या मध्ये लिहितात, कारण तो ना क्रियापदाचा, ना सर्वनामाचा.