पुसा नावाचे टोमॅटो

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटांच्या थप्प्या पाहिल्या म्हणजे टोमॅटो इथलाच वाटतो. पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडे कोणी त्याला बेलवांगी म्हणत, कोणी भेदरे. आता वांग्याच्या कुळातलाच तो, तेव्हा नाव काही चुकले नाही!

लवकर पिकणाऱ्या जातींत ‘पुसा रुबी’ आणि ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ ही नावे जुनी. हा पुसा कोण? बिहारातले एक गाव. तिथे १९०५ साली सरकारची शेती-संशोधनसंस्था निघाली. १९३४ च्या भूकंपात इमारतीची फार हानी झाली, आणि १९३६ साली संस्था दिल्लीस गेली. गाव मागे राहिले. नाव मात्र बियाण्याबरोबर आपल्या परसापर्यंत आले.

रुबीचे आईबाप म्हणजे अमेरिकेची ‘सू’ आणि आपली सुधारित ‘मीरुती’. ड्वार्फलाही हीच मीरुती, जोडीला ‘रेड क्लाउड’. लावणीपासून सुमारे दोन महिन्यांत दोन्ही तोडायला येतात. ड्वार्फ बुटकी राहते. रुबी पसरते, तिला काठीचा आधार बरा. परसात दोन्हींची एकेक ओळ एकाच दिवशी लावा, पाणी सारखे द्या, पहिल्या तोड्याची तारीख वहीत मांडा. गुरुजींनी हे काम खुशाल मुलांकडे सोपवावे.

या जाती सरळ वाणाच्या. संकरित टोमॅटोचे बी दर हंगामाला विकत घ्यावे लागते. यांचे बी धुऊन, सावलीत वाळवून पुढल्या साली पेरता येते. मात्र बी धरायचे ते सर्वांत आधी पिकलेल्या निरोगी झाडाचे, बाजारातून उरून आलेल्या फळांचे नव्हे.